जुन्या गाडीवर केबिन चढविताना



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला. तेव्हापासून महाराष्ट्रातील गावोगावच्या श्रोत्यांनी उन्हाळ्याच्या संध्याकाळी इतिहास ऐकला, अर्थकारण ऐकले, संतवाङ्मय ऐकले. जुन्या मोटारीवर केबिन कशी बसवावी, हे मात्र बहुधा कोणी ऐकले नसेल. चिटणीसांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही हाच सांगितला. ते क्षणभर थांबले व म्हणाले, "हरकत नाही, पण थोडे संस्कृतिविषयकही येऊ द्या." त्यांच्या शब्दाचा मान राखून आरंभ तेथूनच करतो.

आपले वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. राजशेखराने हजारएक वर्षांपूर्वी 'काव्यमीमांसा' लिहिली, तीत काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न ह्याच वत्सगुल्म नगरीत लागल्याचे सांगितले आहे. तेव्हा लग्ने लावण्याची ह्या गावाची परंपरा जुनी आहे. आज आम्ही दुसऱ्या एका लग्नाची हकीकत सांगणार आहोत. वधू म्हणजे गाडीची केबिन, वर म्हणजे तिची चासी. हे लग्न आमच्या घरी एकदा चुकीचे लागले आणि त्याची किंमत तिघांनी चाळीस-पंचेचाळीस वर्षे मोजली. म्हणून हा विषय.

मेजावर दोन वस्तू ठेवल्या आहेत. एक आहे बोटभर जाडीची लोखंडी पट्टी, मधोमध भोक पाडलेली, गंजलेली. दुसरी रबराची चकती. सारे व्याख्यान ह्या दोन वस्तूंमधल्या फरकाचे आहे. मागे बसलेल्यांना त्या दिसत नसतील, त्यांनी सभा संपल्यावर येऊन हातात घेऊन पाहाव्यात.

आमची गाडी शेवरोले पिकअप, अर्ध्या टनाची, १९५१ सालची. जनरल मोटर्स कंपनीने १९२८ साली मुंबईस शिवडी येथे मोटारी जोडण्याचा कारखाना काढला होता. सुटे भाग बोटीने यावयाचे आणि येथे जोडणी व्हावयाची. आपल्या वऱ्हाडात कापसाच्या गाठी, सरकी, तेलाचे डबे वाहणाऱ्या मोटारींत शेवरोलेची संख्या मोठी होती. मोठ्या मालमोटारी पुष्कळदा केबिनीवाचूनच विकल्या जात. नुसती चासी, इंजिन आणि पुढचा पत्रा. तिच्यावर केबिन बांधावयाची ती आपल्या सुताराने सागवानाची आणि लोहाराने पट्ट्या मारून. लहान पिकअपला मात्र पोलादी केबिन तयार मिळे. १९४७ साली ह्या कंपनीने पिकअपची नवी घडण काढली. गोलसर बॉनेट, रुंद केबिन, सहा सिलिंडरांचे इंजिन आणि पुढच्या-मागच्या चाकांमध्ये ११६ इंचांचे अंतर. आमची गाडी त्या घडणीची.

आमच्या वडिलांनी ती १९६२ साली अकोल्यास जुनी म्हणून विकत घेतली. तोवर कंपनी हिंदुस्थान सोडून गेली होती. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने ठरविले की, ज्यांना सुटे भाग येथेच बनवावयाचे असतील त्यांनी राहावे, नुसती जोडणी करणाऱ्यांनी जावे. १९५४ साली शिवडीचा कारखाना बंद झाला. धोरण देशाच्या हिताचे होते, त्याबद्दल आमची तक्रार नाही. त्याच वर्षी टाटांनी जर्मनीच्या डाइमलर-बेन्झशी करार करून जमशेदपूरला मालमोटारी काढावयास आरंभ केला आणि पुढे साऱ्या देशाचा माल त्यांनीच वाहिला. परंतु ज्यांच्या दारी शेवरोले उभी होती, त्यांना दर वर्षी एकेक सुटा भाग मिळेनासा होत गेला. प्रथम महाग, मग जुन्या बाजारात, मग कोठेच नाही.

आम्ही कारंज्याचे. त्या काळी कारंज्याहून मूर्तिजापूर-यवतमाळ ही छोट्या रुळांची 'शकुंतला' धावत असे. पुढे १९९४ पर्यंत ती वाफेच्याच इंजिनावर चालली. पण शकुंतला रुळावरून जाणार. रुळ नाहीत त्या खेड्यांत आमची पिकअप जाई. कापसाचे बोजे, पेंड, लग्नाचे सामान आणि अडल्या वेळी बाळंतीणसुद्धा तिने दवाखान्यात पोहोचविली आहे. वडील गाडी हळू चालवीत आणि दार लावताना दोनदा ओढून पाहात. ही दोनदा ओढून पाहण्याची सवय लक्षात ठेवावी. पुढे तिचा संबंध येणार आहे.

१९७३ सालच्या पावसाळ्यानंतर केबिनीचा खडखड आवाज येऊ लागला. चासी आणि केबिन यांच्यामध्ये जे रबर असते, ज्याला आमचे मिस्त्रीलोक 'फाउंडेशन रबर' म्हणतात, ते विरून गेले होते. वडिलांनी परगावच्या एका गॅरेजात गाडी दिली. चार दिवसांनी ती परत आली. आवाज साफ बंद! केबिन पहाडासारखी घट्ट. वडील खूश झाले. पंधरवड्याने मंगरूळपीरच्या रस्त्यावर, एका नाल्याच्या उतारावर, पुढचे डावे चाक खड्ड्यात गेले, मागचे डावे उंचवट्यावर चढले आणि डावीकडचे दार आपोआप उघडले. आमचा धाकटा भाऊ तेव्हा नऊ वर्षांचा होता. तो दाराशी बसला होता. तो खाली पडला. जीव वाचला, परंतु कोपराचे हाड मोडले आणि वाकडे जुळले. त्याचा डावा हात आजतागायत सरळ होत नाही.

वडिलांनी त्या दिवशी गाडी घरी आणून गोठ्याशेजारच्या छपरात उभी केली, किल्ली खुंटीला लावली, आणि पुन्हा कधी चालविली नाही, विकलीही नाही. का विकत नाही, असे विचारण्याचे धैर्य आमच्यापैकी कोणालाच झाले नाही. त्यांच्या मनाने घेतले होते की, त्या दिवशी आपण दार दोनदा ओढून पाहिले नाही. हे ते बोलले नाहीत, पण आईला माहीत होते. इकडे धाकट्या भावाच्या मनाने घेतले होते की, आपलाच हात कडीला लागला असावा. तोही बोलला नाही. आणि आम्ही थोरले. आम्ही हट्टाने मधली जागा घेऊन त्याला दाराशी बसविले होते. आम्ही तरी कोठे बोललो? असे तिघेजण एका घरात, एका पंगतीला जेवत, एकेक अपराध उशाशी घेऊन निजत होते. वडील २०१४ साली वारले.

त्यानंतर चार वर्षांनी आम्ही दोघा भावांनी ती गाडी बाहेर काढली. लोकांनी वेड्यात काढले. भंगारवाला वजनाने भाव करून गेला. पण वडिलांनी जी वस्तू विकली नाही ती आम्ही कशी विकावी? आणि नुसती सडू तरी कशी द्यावी? जुन्या गाड्या दुरुस्त करणारे एक वृद्ध मिस्त्री होते, त्यांना आम्ही चाचा म्हणतो. ते तयार झाले. केबिन उतरवावयाची, चासी खरवडून रंगवावयाची, इंजिन उघडावयाचे आणि मग केबिन पुन्हा चढवावयाची, असे ठरले.

केबिन उतरवितानाच ही लोखंडी पट्टी सापडली. जेथे रबर हवे तेथे ही घातलेली होती. एक नव्हे, चार. आणि बोल्ट असे आवळलेले की, कापूनच काढावे लागले. चाचांनी केबिनीच्या डाव्या खांबाचा रंग खरवडला, तो बिजागरीच्या वरपासून पत्र्याला एक लांब चीर. चिरेच्या आत जुना, काळा गंज. म्हणजे चीर काल-परवाची नव्हे. कडी ज्या खांबात अडकते तोही त्याच ताणाने बाहेरच्या अंगाला सरकलेला. चाचा तेथेच उकिडवे बसले व म्हणाले, "भाऊ, हे दार कोणं उघडलं नाही. ह्या पट्टीनं उघडलं."

आमचा भाऊ काही बोलला नाही. त्याने पट्टी उचलली, तीही वाकड्या हातानेच, आणि अंगणातल्या नळाखाली धुतली.

आता ह्याचे कारण समजून घेऊ. एका पट्टीने दार कसे उघडते?

मालमोटारीची चासी म्हणजे दोन लांब पोलादी गर्डर आणि त्यांना जोडणारी आडवी पाने. शिडी आडवी ठेवावी तशी. आडव्या शिडीचे एक टोक धरून दुसरे टोक पिरगाळले तर ती पीळ घेते. चासीही घेते आणि तिने घ्यावाच, म्हणजे खडबडीत रस्त्यावर चारही चाके जमिनीला टेकतात. केबिन मात्र पेटी आहे. पेटीला पीळ सोसत नाही. आणि तिला दारांसाठी दोन मोठी भोके पाडलेली असतात, तेव्हा पीळ पडलाच तर तो दाराच्या चौकटीतच दिसतो. काटकोन बिघडतो, एका कोपऱ्याकडे फट वाढते आणि कडी निसटते. म्हणून चासीचा पीळ केबिनीपर्यंत पोहोचू द्यावयाचा नाही, हे गाडी घडविणाराचे पहिले काम. आमच्या गाडीत त्यासाठी पुढे रबराच्या गाद्या दिलेल्या होत्या आणि मागे पाट्यांना असते तशी छोट्या शॅकलांची लटकण. पुढून गादी, मागून झोका. चासी खाली वळवळत राहील, केबिन वर आपली सरळ.

आपल्या सुतारांना हे ठाऊक आहे. बैलगाडीची साटी त्यांनी कधी सांध्यासांध्यांत खिळ्यांनी जाम केली नाही. ती दोरांनी आणि खुंट्यांनी बांधली. गाडी कुरकुरते, पण मोडत नाही. उलट चाकावर धाव चढवावयाची, तेव्हा तोच माणूस धाव लाल होईपर्यंत तापवून, वर पाणी ओतून अशी आवळतो की, आरा हलता कामा नये. कोठे आवळावे आणि कोठे सैल ठेवावे, हे कळणे म्हणजेच कारागिरी. आवळणे हे काम कोणालाही येते.

मग त्या गॅरेजवाल्याने लोखंड का घातले? तो दुष्ट नव्हता. त्याला रबर मिळाले नाही. कंपनी जाऊन एकोणीस वर्षे झाली होती. आवाज बंद करून द्या, एवढेच त्याला सांगण्यात आले होते, आणि आवाज त्याने बंद केला. त्याचा दोष एवढाच की, रबराच्या जागी लोखंड घातले आहे, ही गोष्ट त्याने सांगितली नाही. सांगितली असती, तर वडील गाडी जपून हाकते, पुन्हा रबर शोधते. टायरचे जाड तुकडे कापून गाद्या करणारे मिस्त्री तेव्हाही होते. ते रबर अस्सल नव्हे, पण लोखंडापेक्षा शतपट बरे. अडचणीत तडजोड करावी लागते. तडजोड लपविणे हे मात्र पाप.

आता प्रत्यक्ष केबिन चढविण्याचे सांगतो. प्रश्न पहिला असा आला की, चिरलेली केबिन ठेवावी की दुसरी आणावी? ह्या घडणीच्या गाड्यांचे शौकीन अमेरिकेत इतके आहेत की, पत्र्याचे भाग, रबरे, बोल्ट, सारे आज नवे करून विकले जाते. जे रबर १९७३ साली मिळाले नाही, ते आमच्या दारात टपालाने आले. केबिनही आणता आली असती. पण मग दुरुस्त काय केले? २०१९ सालच्या उन्हाळ्यात आम्ही ठरविले की, जे जीर्ण झाले ते बदलावे, जे जखमी आहे ते बरे करावे. पुढे २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी नियम केले, त्यांतही गाडी मूळ स्वरूपात जपलेली असावी, चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरबदल नसावा, हेच तत्त्व आहे. आम्हांला ते कायद्याआधी घरच्या कारणाने पटले होते.

गंजलेला तळ कापण्याआधी चाचांनी दोन्ही दारांच्या चौकटीत आडवे-तिरपे लोखंडी दांडे जोडले. तळ कापल्यावर केबिन फाकते; एकदा फाकली की पुन्हा काटकोनात येणे नाही. मग चौकटीचे दोन्ही कर्ण मोजले. उजवीकडचे बरोबर आले. डावीकडे अर्ध्या इंचाचा फरक. छेचाळीस वर्षांपूर्वीचा तो खड्डा फुटपट्टीवर अर्धा इंच भरला. जॅक लावून, दोन दिवस थोडे थोडे दाबत, तो फरक काढला आणि मगच चीर सांधली.

चासीचेही कर्ण मोजले, सूत धरले, पाणसळ लावली. वाकड्या चासीवर सरळ केबिन बसत नाही. बसविली तर दोष केबिनीवर येतो. ब्रेकच्या नळ्या, पेट्रोलची नळी, तारा, जे जे केबिनीखाली जाणार ते सारे आधीच जागेवर घातले, कारण वर केबिन आली की हात पोहोचत नाही. ह्या गाडीची पेट्रोलची टाकी केबिनीतच, बाकाच्या मागे असते. ती मात्र शेवटी.

मग अंगणातल्या कडुनिंबाला चेनकप्पी बांधली. दारांच्या भोकांतून जाड सागवानी वासा घातला, पत्र्याला लागू नये म्हणून गोणपाट गुंडाळले आणि केबिन वर घेतली. खाली चासी ढकलीत आणली. चौघे चार कोपऱ्यांना. आमचा भाऊ चासीखाली आडवा, भोकाला भोक जुळते का हे पाहावयास. केबिन उतरविताना घाई कामाची नाही; स्टिअरिंगचा दांडा तळाच्या भोकातून यावा लागतो, पायाखालचे दांडे अडतात. तिसऱ्या खेपेस चारही बोल्ट आपल्या जागी उतरले.

आम्ही पाना घेऊन सरसावलो. चाचा ओरडले, "आवयू नका, भाऊ! आंदी दारं लावून पाहा."

येथे ह्या कामाचे मर्म आहे. बोल्ट नुसते हाताने फिरवून सोडले. दारे टांगली. डावीकडे वरची फट रुंद, खालची चिंचोळी. मग मागच्या कोपऱ्याखाली पातळ पत्र्याचे पॅकिंग घातले, पुन्हा पाहिले. काढले, पुढे घातले, पुन्हा पाहिले. दिवस मावळला. फटी सारख्या झाल्या तेव्हा जॅक काढून गाडी स्वतःच्या चाकांवर उतरविली आणि पुन्हा पाहिले. कारण जॅकवरची चासी आणि चाकांवरची चासी ही एकसारखी उभी राहत नाही. पॅकिंग मिळाले, फटी सारख्या राहिल्या, तेव्हा कोठे बोल्ट घट्ट करावयाचे, तेही बेताने. रबर दाबले जाते ते बाजूला फुगावयास जागा असेल तरच. फार आवळले तर तेही दगड होते. म्हणून बोल्टाभोवती एक लोखंडी नळी असते. पाना नळीशी थांबतो, रबर मोकळे राहते. वर कॉटर पिन घालावयाची, म्हणजे न आवळलेला बोल्ट सुटतही नाही. मडगार्ड आणि बॉनेट त्यानंतर. लोक आधी बॉनेट चढवितात, कारण ते दिसते. केबिन जमली नसेल तर पुढचे काहीच जमत नाही.

परिवहन कार्यालयातील कागदपत्रांचे सव्यापसव्य आटोपल्यावर एका सकाळी गाडी बाहेर काढली. आता आपल्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे. डिसेंबर २०२२ पासून त्यावरून गाड्या नागपूरहून शिर्डीपर्यंत धावू लागल्या. आमच्या म्हातारीचे ते काम नव्हे. आम्ही मंगरूळपीरच्या रस्त्याने निघालो. भाऊ चालवीत होता. त्या नाल्यावर आता पूल आहे, रस्ता गुळगुळीत आहे. भावाने गाडी मुद्दाम डांबरावरून खाली घेतली, एक चाक खळग्यात, एक उंचवट्यावर. गाडी खाली पिळली. केबिन किंचित कुरकुरली. दार जागचे हलले नाही. त्याने इंजिन बंद केले, दाराला हात लावला, एकदा ओढून पाहिले आणि मग दुसऱ्यांदा.

तेव्हा प्रथम तो बोलला, "मला वाटायचे, माझाच हात लागला." आम्ही म्हणालो, "आणि आम्हांला वाटायचे, आम्हीच तुला तेथे बसविले." मग दोघेही वडिलांविषयी बोललो. त्यांना ही पट्टी दाखवावयास हवी होती, ती दाखविता आली नाही. ते छपरात गाडीपाशी रोज संध्याकाळी जात, एकदा जरी कोणी म्हटले असते, "चला, खाली वाकून पाहू, हे दार उघडलेच का?" तर चारच बोल्ट होते. आम्हा तिघांच्या मनात अपराध होता, म्हणून आम्ही कारण शोधले नाही. अपराध आपला आहे अशी खात्री वाटली की, माणूस चौकशी थांबवितो. आणि तो दुसऱ्याचा आहे अशी खात्री वाटली तरीही थांबवितो.

श्रोतेहो, जुन्या वस्तू का जपाव्यात, असे आम्हांला विचारतात. शोभेसाठी जपणारे जपोत. आमच्यापुरते उत्तर असे की, वस्तू उलगडून पाहिल्या म्हणजे त्या साक्ष देतात. आपणांपैकी कित्येकांच्या घरी अशी एखादी बंद पडलेली वस्तू असेल. एखादी मोट, एखादे चरक, एखादी शिवणयंत्राची पेटी. ती विकण्याआधी एकदा उघडून पाहावी. आत कोणी लोखंडाची पट्टी घालून ठेवली असेल, तर ती काढावी आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना, ती आहेत तोवर, नेऊन दाखवावी.

आमच्या गाडीचे लग्न दुसऱ्यांदा तरी नीट लागले. मुहूर्ताला पंचांग लागले नाही. एक पाणसळ, एक ओळंबा आणि चाचांचे एक ओरडणे पुरले.